पासष्ट अंशांवरचं लोखंड

पीएचडीला नाव नोंदवलं तेव्हा मी एक्कावन्न वर्षांची होते. पनवेलमधल्या एका कॉलेजात अकरावी-बारावीला केमिस्ट्री शिकवण्यात माझ्या नोकरीची सगळी वर्षं गेलेली. बढतीसाठी डिग्री लागत होती असं नाही. मुलगी नोकरीसाठी बंगळूरला गेली, नवरा बँकेतून निवृत्त होऊन गॅलरीतल्या कुंड्यांच्या मागे लागला, आणि मला वाटायला लागलं की आपण इतकी वर्षं दुसऱ्यांनी मोजलेले आकडे फळ्यावर लिहीत आलो; एखादा तरी आकडा स्वतः मोजून बघावा.

आमच्याच आवारात, तिसऱ्या मजल्यावर, सीनियर कॉलेजची रिसर्च लॅब होती. तिथे नुकताच एक तरुण प्राध्यापक रुजू झाला होता. पाण्यात विरघळलेले धातू हा त्याचा विषय. गाइड म्हणून त्याला मान्यताही नुकतीच मिळाली होती. मी चौकशीला गेले तर मला दारात बघताच तो खुर्चीतून उठला.

"मॅडम, तुम्ही? या ना. मी तुमचा विद्यार्थी. बारावीला होतो तुमच्याकडे."

"हो हो, आठवतंय ना," मी म्हणाले.

मला काही आठवत नव्हतं. दरवर्षी दोनशेच्या वर मुलं हाताखालून जातात, कोण कोण लक्षात राहणार, हे कोणालाही समजण्यासारखं आहे. पण त्याचा चेहरा इतका उजळला होता की खरं बोलणं जमलं नाही. त्याने माझ्यासाठी चहा मागवला, स्वतः उभाच राहिला. मी गाइडबद्दल विचारायला आले आहे हे कळल्यावर तो गडबडला. म्हणाला, "मी तुम्हाला गाइड करायचं म्हणजे..." आणि वाक्य तिथेच सोडून दिलं.

पण दुसरं कोणी त्या विषयातलं जवळपास नव्हतं. मुंबईला जाऊन-येऊन नोकरी सांभाळणं मला झेपलं नसतं. शेवटी तो तयार झाला.

काय म्हणून हाक मारायची हा पहिला पेच. विद्यार्थ्याला मी जन्मभर 'अरे' म्हणत आले. पण लॅबमध्ये आणखी एक मुलगी पीएचडी करत होती, कामोठ्याची, सव्वीस वर्षांची, आणि ती त्याला 'सर' म्हणायची. तिच्यासमोर गाइडला 'अरे' कसं म्हणायचं? आणि 'सर' म्हणायला माझी जीभ वळेना. मग मी वाक्यंच अशी करायला लागले की त्यात हाक येणार नाही. "झालं का?" "हे बघायचं होतं जरा." तो मात्र प्रत्येक वाक्याला 'मॅडम' लावायचा. कामोठ्याच्या मुलीला त्याने एकदा सगळ्यांदेखत झापलं होतं, "हे काय बीकर धुतलंय का नुसतं पाणी दाखवलंय?" असं. माझ्या बीकरकडे बघून तो काही बोलायचा नाही. मी घरी गेल्यावर तो स्वतः धुऊन ठेवायचा, हे मला तिच्याकडूनच कळलं. मी ते हसण्यावारी नेलं.

माझं काम सांगायला सोपं होतं. लोखंडाचा क्षार पाण्यात विरघळला की लोखंडाचे आयन मोकळे होतात. पण ते नुसते पाण्यात फिरत राहत नाहीत. भोवतालच्या पाण्याच्या रेणूंना धरतात आणि त्यांच्यातला हायड्रोजन सुटा करतात. म्हणून ते द्रावण आंबट होतं. तापवलं की ही क्रिया आणखी जोर धरते. किती तापमानाला द्रावण किती आंबट होतं, एवढंच मला मोजायचं होतं. पंचवीस अंशांपासून सुरुवात, मग पस्तीस, पंचेचाळीस, पंचावन्न आणि शेवटी पासष्ट. दुहेरी भिंतीचं काचेचं भांडं, त्या दोन भिंतींमधून गरम पाणी फिरवणारा वॉटर बाथ, वरून सोडलेला पीएच मीटरचा इलेक्ट्रोड, आणि थेंबाथेंबाने अल्कली सोडायला ब्युरेट. आमच्या बारावीच्या प्रॅक्टिकलपेक्षा फार काही वेगळं नाही, असं मला पहिल्या दिवशी वाटलं होतं.

पंचवीसला आणि पस्तीसला माझी रीडिंग्ज छान आली. पंचेचाळीसला थोडी हलली. पंचावन्नच्या पुढे मात्र सगळं बिघडलं. आदल्या दिवशी घेतलेला आकडा दुसऱ्या दिवशी येईना. एकाच दिवशी एकाच द्रावणाचे तीन प्रयोग केले की तीन तऱ्हेचे आकडे. द्रावणाचा फिका पिवळा रंग बघता बघता कोऱ्या चहासारखा व्हायचा आणि पासष्टला तर तळाशी गंजासारखा गाळ बसायचा. तो दिसला की समजायचं, प्रयोग संपला. लोखंड आता द्रावणात राहिलेलंच नाही.

मी इलेक्ट्रोड बदलून पाहिला. पाणी दोनदा ऊर्ध्वपातित केलेलं घेतलं. ब्युरेट नवी आणली. रोज दुपारी अडीचला माझे तास संपले की डबा कसाबसा उरकून मी वर जायचे. तो माझ्या शेजारी येऊन उभा राहायचा, भांड्याकडे बघायचा, माझ्या हाताकडे बघायचा, काही बोलेल असं वाटायचं. मग म्हणायचा, "होईल मॅडम. हाय टेंपरेचरला सगळ्यांनाच त्रास होतो."

असं वर्षभर चाललं. आमच्याकडे दर सहा महिन्यांनी प्रगती दाखवायची असते. एक समिती बसते, तिच्यात बाहेरचे एक तज्ज्ञ असतात. पहिल्या सेमिनारमध्ये नुसती प्रस्तावना मांडून निभावलं होतं. दुसऱ्या वेळी आकडे दाखवणं भाग होतं. मी माझे आकडे त्याला पाठवले आणि सेमिनारच्या आदल्या दिवशी त्याच्याकडून तक्ता परत आला. पंचावन्न आणि पासष्टचे आकडे बदललेले होते. सगळे एका रेषेत, पुस्तकात असावेत तसे.

मी वर जाऊन विचारलं, "हे कसं काय?"

तो स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाला, "थोडं करेक्शन केलंय मॅडम. इलेक्ट्रोडचं. तापमानामुळे फरक पडतो ना."

मी केमिस्ट्रीची शिक्षिका आहे. तापमानाची दुरुस्ती केली तर सगळे आकडे सारखेच वर किंवा खाली सरकतात. विस्कटलेले आकडे त्या दुरुस्तीने एका रेषेत येत नाहीत. हे मी माझ्या अकरावीच्या वर्गालाही समजावून सांगू शकले असते. मी म्हणाले, "अच्छा," आणि खाली आले.

सेमिनारला मी तो तक्ता दाखवला. बाहेरून आलेले तज्ज्ञ साठीचे, कोरडे गृहस्थ होते. आधीच्या दोन विद्यार्थ्यांना त्यांनी बरंच धारेवर धरलं होतं. माझ्या तक्त्यावर ते थांबले, चष्मा वर केला आणि म्हणाले, "पासष्टला लोखंड इतकं स्वच्छ मोजणं सोपं नाही. या वयात तुम्ही हे करताय, या मुलांनी शिकावं तुमच्याकडून."

टाळ्या पडल्या. मी "थँक यू सर" म्हणाले. खरं सांगायचं तर मला आनंद झाला. घरी जाऊन मी नवऱ्याला ते वाक्य जसंच्या तसं सांगितलं, आणि रात्री जेवताना मुलीला फोनवर पुन्हा सांगितलं. आज ते आठवलं की कानशिलं तापतात. त्या दिवशी मात्र जेवण नेहमीपेक्षा जास्त गेलं.

पुढच्या महिन्यात गाइडने पनवेलजवळ कोनला घेतलेल्या नव्या फ्लॅटची वास्तुशांत होती. एक्सप्रेसवेच्या बाजूला गावाला लागून ज्या नव्या बिल्डिंगा झाल्यात, त्यांतल्या एकीत. तो मूळचा उरणकडच्या खाडीकाठचा, कोळ्यांच्या घरातला. वडील लवकर गेले, आईने मासे विकून दोघा मुलांना वाढवलं. धाकटा भाऊ द्रोणागिरीला गोदामात सुपरवायझर. हे सगळं मला तिथे जेवणाच्या पंगतीत कळलं. वर्ष उलटून गेलं होतं तरी मी कधी विचारलं नव्हतं.

त्याची आई मला बघून स्वतः पुढे आली. हिरवी नववारी, डोक्यात अबोलीचा गजरा. माझे दोन्ही हात धरून तिने मला पंख्याखाली बसवलं आणि माझ्या नवऱ्याला म्हणाली, "तुमी पन बसा भाऊ." मग मला म्हणाली, "बाय, तुमचं नाव या घरात रोज निगतं. माजा पोर बारावीला नापास झाला असता. परीक्षेच्या आदी तुमी त्याला लॅब उघरून दिली, आठ दिवस त्याच्यासंगं बसलात. त्यो इसरला नाय."

मी मान हलवली. हसलेही असेन. पण मला आठ दिवस आठवत नव्हते, लॅब उघडून दिलेली आठवत नव्हती. माझ्याबरोबर त्या काळात दुसऱ्या एक शिक्षिका होत्या, फार मायाळू. त्या असं करायच्या. मी चार वाजता घरी जायचे, मुलगी लहान होती. हे त्याच्यासाठी मी केलं असेल याची मला खात्री नव्हती. उलट नसेल, असंच जास्त वाटत होतं.

ती पुढे बोलतच होती. "आता बग, देवानं कसं उलटं आनलं. आता त्यो तुमचं काम करतो. आयतवारी पन घरात नाय. सकाली डबा घेऊन निगतो. मी म्हनते, सुट्टीच्या दिवशी कॉलेजात कोन असतंय? तर म्हनतो, आये, बाईंची मापं घेतोय, त्यांना जमत नाय, त्यांना काय बोलू नको."

आणि मग तिच्याच लक्षात आलं. तिने पदर तोंडाला लावला. "मी काय बोल्ले. तुमी मनावर नका घेऊ हां बाय."

"नाही हो," मी म्हणाले.

पानात श्रीखंड वाढलं होतं. मी ते खाल्लं. नवरा माझ्याकडे बघत होता; त्यालाही कळलं होतं. येताना गाडीत तो एवढंच म्हणाला, "तुला माहीत नव्हतं?" विमानतळाकडे जाणाऱ्या डंपरांची रांग लागली होती आणि आम्ही तिच्यात बराच वेळ अडकलो. त्या वेळात मी त्याला उत्तर देऊ शकले असते. माहीत नव्हतं असं म्हणणं खोटं झालं असतं आणि माहीत होतं असं म्हणणंही पुरतं खरं नव्हतं. मी विचारलं नव्हतं, एवढंच होतं ते.

सोमवारी दुपारी मी वर गेले तेव्हा कामोठ्याची मुलगी लायब्ररीत गेली होती. तो एकटाच होता. आईने त्याला सांगितलं असावं, कारण मला बघून तो नेहमीसारखा उठला नाही. खुर्चीच्या हातांवर हात ठेवून बसून राहिला.

मी म्हणाले, "पंचावन्न आणि पासष्टची रीडिंग्ज तू घेतलीस?"

वर्षभरात पहिल्यांदा मी त्याला 'तू' म्हणाले.

"हो मॅडम."

"का?"

"तुमची येत नव्हती. म्हटलं आधी आपण घेऊन बघू, चूक कुठे होतेय ते कळेल, मग तुम्हाला दाखवू. तेवढ्यात सेमिनारची तारीख आली. तुम्हाला तिथे सगळ्यांसमोर..." तो थांबला. "ते सर किती बोलतात ते मला माहीत आहे. मला ते बघवलं नसतं."

"मग चूक कुठे होते ते कळलं?"

त्याने समोरची वही मिटली.

"ती कामोठ्याची मुलगी असती माझ्या जागी, तर तिची रीडिंग्ज घेतली असतीस?"

"नाही."

"काय केलं असतंस?"

"पुन्हा कर म्हटलं असतं. होईपर्यंत."

"मग मला तसं म्हण. माझी चूक काय आहे ते सांग."

मग एकदम, मी त्याच्या तोंडून कधी न ऐकलेल्या बोलीत, त्याच्या आईसारखा बोलला. "बाई, तुमी लय थांबता. ते थांबत नाय."

मला पहिल्यांदा कळलं नाही. मग त्याने समजावलं, पुन्हा नेहमीच्या भाषेत, हळूहळू. गरम द्रावणात लोखंड बदलत राहतं. कणाला कण जोडले जातात, आधी दिसत नाही, मग गाळ होतो. अल्कलीचा थेंब टाकल्यावर ठरावीक वेळात आकडा घ्यायचा आणि पुढे जायचं. प्रत्येक बिंदूसाठी द्रावण नवं करायचं. मी काय करत होते, तर मीटरवरचा आकडा पूर्ण स्थिर होईपर्यंत वाट बघत होते, मग चष्मा सरळ करून ब्युरेट दोनदा वाचत होते, मग सुवाच्य अक्षरात लिहीत होते. तोवर भांड्यातलं द्रावण पहिलं राहिलेलं नसायचं.

"रीडिंग स्थिर झाल्याशिवाय लिहायचं नाही," तो म्हणाला. "हे तुम्हीच शिकवलंय आम्हाला. प्रत्येक प्रॅक्टिकलला सांगायचात. ते चूक आहे असं तुम्हाला मी कसं सांगणार होतो?"

हे वाक्य मला आठवलं. हे मी खरंच दरवर्षी म्हणते.

मग मी त्याला तेही सांगून टाकलं. म्हटलं, तुझी आई म्हणत होती ते आठ दिवस मला आठवत नाहीत. ती बहुतेक मी नव्हते. तू ज्या उपकाराची फेड करतोयस तो माझा नसेलही.

"मला माहीत आहे तुम्हाला आठवत नाही," तो म्हणाला. "पहिल्याच दिवशी कळलं होतं. पण तुम्हीच होतात, मॅडम. दोघी होतात. त्या बसायच्या आणि तुम्ही जाताना किल्ली द्यायचात."

म्हणजे मी किल्ली दिली होती. त्याच्या घरात त्या किल्लीचे आठ दिवस झाले होते. तो हे सगळं ओळखून होता आणि तरी माझे बीकर धूत होता. मी तिथल्या स्टुलावर बसले. मला रडू येत नव्हतं, पण मान वर करून त्याच्याकडे बघणं जमत नव्हतं.

मी म्हणाले, "पुढच्या सेमिनारला मी सांगणार आहे. ते आकडे माझे नाहीत म्हणून."

"सांगा," तो म्हणाला. "मला चालेल."

त्यानंतरचे महिने मी घाईने काम करायला शिकत होते. तो शेजारी उभा राहून "घ्या... आता घ्या..." म्हणायचा. घाईत माझ्या हातून थेंब जास्त पडायचा. पंचेचाळीसला जमायला लागलं. पंचावन्नला कधी जमायचं, कधी नाही. पासष्टला एकदाही धड जमलं नाही. त्याने सांगितलं तसं सगळं केलं तरी वेळेत वाचताना मी आकडा चुकीचा वाचायचे, किंवा वाचल्यावर लिहीपर्यंत विसरायचे. कामोठ्याची मुलगी एकदा म्हणाली, "मॅडम, मी लिहून घेऊ का? तुम्ही फक्त बोला." मी नको म्हणाले. नंतर वाटलं, हो म्हणायला हवं होतं. पण तोवर मला मदत या शब्दाचीच भीती बसली होती.

सेमिनारच्या दिवशी मी साडी बदलून दोनदा आरशात बघितलं. काय बोलायचं ते पाठ केलं होतं. मला वाटत होतं, मी काहीतरी धीराचं करायला निघाले आहे. खोलीत गेले, समिती बसली होती, तेच तज्ज्ञ होते. माझं नाव पुकारलं आणि मी उठायच्या आत तो उठला.

"सर, आधी मला एक सांगायचं आहे," तो म्हणाला. "मागच्या तक्त्यातली पंचावन्न आणि पासष्टची रीडिंग्ज मॅडमची नव्हती. मी घेतली होती आणि त्यांना न सांगता तक्त्यात घातली. त्यात त्यांची चूक नाही."

तोवर मीही उठले होते. पाठ केलेलं माझं सगळं वाक्य तोंडात राहिलं. "त्यांना न सांगता" हे खरं होतं. "त्यांची चूक नाही" हे खरं नव्हतं. मी म्हणाले, "सर, मला शंका आली होती. मी विचारलं नाही." पण माझ्याकडे कोणी बघत नव्हतं. सगळे त्याच्याकडे बघत होते.

तज्ज्ञांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. आवाज चढवला नाही. म्हणाले, "तुम्ही गाइड आहात. विद्यार्थ्याची दया आली तर त्याला वेळ द्यावा, स्वतःचे आकडे देऊ नयेत." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आणि मी तुमचं कौतुक केलं तेव्हा तुम्ही थँक यू म्हणालात."

"हो सर," मी म्हणाले.

मला बाहेर बसायला सांगितलं. पुढे काय झालं ते मला त्याच्याकडून नाही, कॉलेजच्या ऑफिसमधून कळलं. माझं काम चालू राहणार होतं, फक्त ती दोन तापमानं वगळून किंवा पुन्हा मोजून. त्याला मात्र काही काळ नवा विद्यार्थी घेता येणार नव्हता. उलव्याचा एक मुलगा त्याच्याकडे येण्यासाठी थांबला होता. त्याने दुसरीकडे नाव नोंदवलं.

मला वाटलं होतं की खरं बोलल्यावर हलकं वाटेल. मी खरं बोलायला निघाले होते आणि त्याची किंमत त्याने दिली. मी त्याला तसं म्हणाले तर तो म्हणाला, "मॅडम, चूक माझी होती, ती मी सांगितली. तुम्ही का मनाला लावून घेता?" रागावला नव्हता. पण त्या दिवसापासून तो माझ्याशी कामापुरतं बोलायला लागला. बीकर नीट धुतला नसेल तर सांगायचा. एकदा कामोठ्याच्या मुलीसमोर म्हणाला, "हे पुन्हा करा, हे चालणार नाही." मी हेच मागितलं होतं. तरी त्या दिवशी मी जिन्यात थांबून, तोंड पुसून मग खाली गेले.

त्या वर्षीच्या पावसाळ्यानंतर मला बाजारात त्याची आई भेटली. मासळीवाल्या बाईशेजारी बसून ती गप्पा मारत होती. दोघी एका गावच्या असाव्यात. मला बघून तिने हाक मारली, शेजारणीच्या टोपलीतून मूठभर सुक्या कोळंबीचे सोडे काढून कागदात बांधले आणि माझ्या पिशवीत घातले. पैसे घेऊ दिले नाहीत.

"बाय, त्याला जरा समजवा," ती म्हणाली. "गप असतो हल्ली. जेवताना पन बोलत नाय. आयतवारी घरीच असतो, तरी गप. तुमचं ऐकेल त्यो."

मुलाने तिला काही सांगितलं नव्हतं. तिच्यासाठी मी अजून तीच बाई होते, जिने आठ दिवस लॅब उघडून दिली. मी म्हणाले, "सांगते त्याला." ती निर्धास्त झाली, माझ्या दंडावर थोपटलं. घरी येऊन मी ते सोडे भिजत घातले आणि नवऱ्याने विचारलं, कुठून आणलेस, तर म्हणाले, बाजारातून.

गाइडला मी काही समजावलं नाही. कोणत्या तोंडाने समजावणार होते? एक दिवस फक्त एवढंच म्हणाले, "आई भेटल्या होत्या. काळजी करतात." तो म्हणाला, "हो, तिचं तसंच आहे," आणि वॉटर बाथचं तापमान बघायला वाकला.

प्रबंध गेल्या वर्षी झाला. त्यात पंचवीस, पस्तीस आणि पंचेचाळीस अंशांची रीडिंग्ज आहेत. सगळी माझी, काही इतक्यांदा घेतलेली की ती मला पाठ आहेत. पंचावन्न आणि पासष्ट आम्ही सोडून दिली. तोंडी परीक्षेला आलेल्या परीक्षक बाईंनी विचारलंच. "वरची तापमानं का नाहीत? खरी गंमत तर तिथे असते."

मी गाइडकडे बघितलं नाही. म्हणाले, "वरच्या तापमानाला द्रावण फार लवकर बदलतं. तेवढ्या वेळात मोजणं मला जमलं नाही."

"उपकरण कमी पडलं?"

"नाही. मी कमी पडले."

त्या थोडं हसल्या, काहीतरी लिहून घेतलं आणि पुढच्या प्रश्नाकडे वळल्या. मला वाटत होतं या उत्तराला खोलीत शांतता पसरेल, कोणीतरी काहीतरी बोलेल. तसं काही झालं नाही. चहा आला, वेफर्स आले, सह्या झाल्या.

दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये सगळ्यांनी अभिनंदन केलं. प्रिन्सिपल सरांनी सांगितलं की शिक्षकदिनाला सत्कार ठेवू, मुलांना प्रेरणा मिळेल. मी म्हणाले, सत्कार नको. त्यांना तो विनय वाटला आणि त्यांनी तो ठेवलाच. भाषणात त्यांनी सांगितलं की ज्या विद्यार्थ्याला मॅडमनी घडवलं, त्याच्याच हाताखाली मॅडमनी शिकायचा मोठेपणा दाखवला. सगळ्यांनी मागे वळून त्याच्याकडे बघितलं. तो शेवटच्या रांगेत भिंतीला टेकून उभा होता, मोबाइलमध्ये बघत. मी माइकसमोर गेले आणि म्हणाले की माझ्या कामात सरांनी मला जे दिलं त्यातलं बरंचसं मला परत करावं लागलं, आणि ते आधीच नाकारायला हवं होतं. कोणाला काही कळलं नाही. टाळ्या मात्र पडल्या. नंतर आमच्या एका नव्या शिक्षिकेने विचारलं, "मॅडम, किती टेंपरेचर्सना केलंत?"

"तीन," मी म्हणाले.

"बस तीनच?"

"तीनच," मी म्हणाले, आणि तिला विचारलं की तिचा पुढचा तास कुठल्या वर्गावर आहे.